मापाडींचं ‘नाही’

समोर सगळे त्यांना ‘सर’ म्हणत आणि पाठ फिरली की ‘मापाडी’. बाजारात धान्याची पोती तोलून देणारा असतो ना, तसा. हे नाव कुणी पाडलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण एकदा जिन्यात एक बाप आपल्या मुलाला दटावताना त्यांच्या कानावर आलं, “सरळ उभा राहा, मापाडी आले.” त्या दिवशी घरी जाताना ते गालातल्या गालात हसले होते. वाईट काय त्यात? तोलणं हेच तर त्यांचं काम होतं.

टेकडीवर एक विद्यापीठ होतं. तिथल्या जागा मूठभर आणि मागणारे गावभर. त्यात आणखी एक मेख होती. तिथे अर्ज करायचा तर खालच्या कॉलेजात मिळालेली जागा आधी सोडून द्यावी लागे. वर लागला नंबर तर पोराचं कल्याण, नाही लागला तर वर्षभर घरी बसून भिंतीकडे बघायचं. म्हणून अर्जाच्या आधी लोक पोरांना घेऊन मापाडींकडे येत. “सर, हिचं वर जमेल का, तेवढं खरं सांगा.”

चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर, अरुंद जिना चढून गेलं की प्रवेश मार्गदर्शन केंद्र. बाहेर एक लांब बाकडं, आत दोन टेबलं, भिंतभर टेकडीवर पोचलेल्या पोरांचे फोटो. मापाडी आधी शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने, म्हणजे केंद्राच्या संचालकाने, त्यांना इथे आणून बसवलं होतं. त्यांची पद्धत ठरलेली. वर्षावर्षाचे गुण ते बोट ठेवून वाचत. निबंध पोराकडूनच मोठ्याने वाचून घेत. मग स्वतः टेकडीवरचे प्राध्यापक होऊन मुलाखत घेत, अगदी ‘अहो-जाहो’ करून. निकाल मात्र लगेच देत नसत. चार दिवसांनी आई-बापाने स्वतः यायचं, आणि उभ्या उभ्या ऐकून जायचं. निकालही तीनच. ‘जाईल’, ‘जाऊ शकेल’ आणि ‘नाही’.

‘जाईल’ म्हटलेलं एखादं पोर कधीमधी हात हलवत परत येई. मापाडी म्हणत, मुलाखतीत ततपप झालं असेल. पण त्यांचं ‘नाही’ आजवर कधी चुकलेलं नव्हतं. ‘नाही’ म्हटलेलं एकही पोर टेकडी चढलं नव्हतं. याचा त्यांना गर्व होता म्हणा, किंवा आधार म्हणा. आयाबाया डोळे पुसत खाली उतरत तेव्हा ते मनाशी म्हणत, आज रडेल, पण एक वर्ष वाचलं तिच्या लेकराचं.

त्या वर्षी त्यांची धाकटी बहीण लेकीला घेऊन आली. बहीण पडद्यांची शिलाई करायची. तिचा नवरा यंत्रशाळेत कामाला होता, छातीच्या दुखण्याने वर्षभर अंथरुणाला खिळून मग वारला. मागे ही एकच पोर. लहानपणापासून मोठ्यांच्या चुका काढायची म्हणून मापाडींनीच तिचं नाव ‘मास्तरीण’ ठेवलं होतं.

“दादा, नीट बघ हिला,” बहीण म्हणाली. “भाची म्हणून नको बघू.”

“या खुर्चीसमोर कुणी भाची नसतं,” मापाडी म्हणाले, आणि मास्तरणीला म्हणाले, “बसा.”

“मामा, मला ‘अहो’ काय म्हणतोस? मला हसू येतं.”

“इथे मामा नाही. वाचा निबंध.”

निबंध तिने बापावर लिहिला होता. यंत्रांच्या गोंगाटात बापाचे कान गेले होते. पण यंत्रावर नुसता तळहात ठेवून तो सांगायचा की आत कुठला भाग झिजलाय. जे कानाला ऐकू येत नव्हतं ते हाताला कसं कळत होतं? एवढं विचारून निबंध थांबला.

“पुढे?” मापाडी म्हणाले.

“पुढे मला माहीत नाही. तेच तर शिकायचंय.”

“निबंधाला शेवट लागतो. बरं, आमच्याच विद्यापीठात का यायचंय तुम्हाला?”

“तुमच्याकडे आवाजावर काम करायची प्रयोगशाळा आहे म्हणून. दुसरीकडे असती तर तिकडे गेले असते.”

दाराच्या काचेतून बहीण दिसत होती. तिने कपाळाला हात लावला.

“अगं, जरा गोड बोलावं माणसाने,” न राहवून मापाडी म्हणाले.

“म्हणजे खोटं?”

“गोड म्हणालो मी.”

“हां, म्हणजे थोडंसंच खोटं,” मास्तरीण म्हणाली, आणि दोघेही हसले. पण हसताना मापाडींची नजर पलीकडच्या टेबलाकडे गेली. तिथे फोन घ्यायला बसणारी मुलगी कान टवकारून ऐकत होती.

संध्याकाळी त्यांनी भाचीचे कागद पुढ्यात घेतले. गुण चांगले होते, फक्त बाप आजारी होता त्या वर्षी घसरलेले. पोर हुशार, पण फटकळ. परकी असती तर मापाडींनी तिला ‘जाऊ शकेल’मध्ये टाकली असती, हे त्यांचं त्यांना कळत होतं. पण ती परकी नव्हती. उद्या संचालक म्हणेल, सरांनी भाचीसाठी तराजू वाकवला. ती फोनवाली जिन्यात चार जणांना सांगेल. शिवाय ही वर नापास झाली, वर्ष गेलं, तर बहिणीला तोंड कसं दाखवायचं? घरचं माणूस म्हणून त्यांनी माप जरा जास्तच कडक धरलं. आणि असं कडक धरलं याचं त्यांना बरंही वाटलं.

चार दिवसांनी त्यांनी सांगितलं, “नाही.”

बहिणीने मान डोलावली. “तू म्हणतोस म्हणजे संपलंच,” ती म्हणाली. मास्तरीण भिंतीवरच्या फोटोंकडे बघत होती. वाद घालेल म्हणून मापाडी तयारीत होते, पण ती फक्त “बरं” म्हणाली. पुढच्याच आठवड्यात खालच्या कॉलेजात, रक्त-लघवी तपासायच्या अभ्यासक्रमात तिने नाव घातलं.

टेकडीवरच्या पहिल्या फेरीचा निकाल लागला त्या सकाळी मापाडी अजून पंख्याखाली घाम पुसत होते, तोच खालचा चष्मेवाला धापा टाकत वर आला. आला तो थेट त्यांच्या पायाशी वाकला.

“अहो, अहो! काय करताय?”

“लागला, सर! पोरगा टेकडीवर लागला!”

मापाडींना आधी कळेनाच. चष्मेवाल्याच्या मुलाचे कागद हंगामाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे आले होते. मुलाखतीत ‘आमच्याकडेच का’ असं विचारल्यावर त्या पोराने “टेकडीवर हवा चांगली आहे” असं उत्तर दिलं होतं. गुण भाचीहून कमी, निबंध कुठूनतरी उचललेला वाटावा असा. डोळे मिटून ‘नाही’. कागद अजूनही ‘नाही’च्याच गठ्ठ्यात होते.

“पण तुम्ही निकाल ऐकायला आलाच नाहीत,” मापाडी म्हणाले.

“कसा येणार? त्या दिवशी जिन्यापर्यंत आलो आणि दुकानात गिऱ्हाईक आलं. मग राहूनच गेलं बघा. बायको म्हणाली, सर काही बोलले का? म्हटलं, वाईट असतं तर त्यांनी वरून हाक मारली असती. रोज तर जिन्यात भेटतात. काही बोलत नाहीत म्हणजे ठीकच असणार. दिला अर्ज ठोकून!” त्याने मापाडींच्या नाकावरचा चष्मा हक्काने काढून घेतला. “काडी सैल झालीय तुमची. आणतो नीट करून. पैशाचं नाव काढायचं नाही, सांगून ठेवतो.”

तो जिना उतरून गेला. चष्मा नसल्यामुळे मापाडींना समोरची भिंत नुसती पांढुरकी दिसत होती.

तेवढ्यात संचालक आला. खुशीत होता. “सर, चष्मेवाल्याच्या पोराचा फोटो मागून घ्या. आजच लावू.”

“मी त्याला ‘नाही’ ठरवलं होतं.”

“सांगितलं होतंत?”

“सांगायचं राहिलं.”

“मग झालं तर! आपलाच पोरगा.”

“अरे, पण माझं ‘नाही’ चुकलं.”

संचालक हसायला लागला. मास्तर थट्टा करतायत असं त्याला वाटलं असावं. “सर, तुमचं ‘नाही’ चुकतं की नाही हे कळायला पोरांनी अर्ज तर भरायला हवा ना? तुम्ही नाही म्हणता, ती भरत नाहीत. भरत नाहीत म्हणून जात नाहीत. जात नाहीत म्हणून तुम्ही बरोबर. बाहेरचे लोक काय बघतात? इथून अर्ज केलेल्यांतले किती वर गेले ते. कच्चे तुम्ही आधीच खाली उतरवता, म्हणून तर आपली भिंत भरलेली. अहो, तुमच्या ‘नाही’वरच हे दुकान चालतं.”

मापाडींनी विचारलं, “तुला हे आधीपासून ठाऊक होतं?”

“म्हणजे काय?” संचालकाचं हसू जरा ओसरलं. “मला वाटलं, तुम्हालाही ठाऊक आहे.”

मापाडी खुर्चीत बसून राहिले. शाळेत असताना हाच पोरगा गणितात गटांगळ्या खायचा आणि ते त्याला आख्ख्या वर्गासमोर उभा करायचे. आज एवढं सरळ गणित त्यांना त्याच्याकडून समजून घ्यावं लागलं. डोळे पुसत जिना उतरलेल्या आयाबाया आठवायला गेलं तर चेहरे आठवेनात. पाठीच आठवत होत्या.

मग एकदम ते उठले. दुसरी फेरी! उरलेल्या जागांसाठी दुसऱ्या फेरीचे अर्ज आज संध्याकाळी पाचपर्यंत घेत होते. खालून चष्मा घेतला, चष्मेवाल्याने पुढे केलेल्या चहाला नको म्हटलं, आणि छत्रीसुद्धा न घेता भर उन्हात बहिणीच्या घराकडे निघाले.

बहीण खिडकीशी मशीनवर बसली होती. खोलीभर कुठल्याशा सभागृहाचे जाड निळे पडदे पसरलेले. मास्तरीण जमिनीवर बसून पडद्यांना कड्या लावत होती.

“अगं बाई, दादा! या वेळेला? बरं आहे ना?”

“मास्तरीण, ऊठ. टेकडीचा अर्ज भरायचाय. पाचच्या आत.”

मशीन थांबलं. बहिणीने भावाकडे नीट पाहिलं आणि तिचा चेहरा मऊ झाला. “बस आधी. पाणी पी. दादा, तुला वाईट वाटतंय ते मला कळतं. पण आता दया नको करूस. तू तोलून सांगितलंस, आम्ही ऐकलं. झालं.”

“दया नाही गं! हिचं जमू शकतं. मी चुकलो.”

“तू आणि चुकणार? ‘नाही’ला? सगळं गाव सांगतं की तुझं ‘नाही’ म्हणजे दगडावरची रेघ. माझ्या समाधानासाठी बोलतोयस तू.”

मग मापाडींना सगळंच सांगावं लागलं. चष्मेवाल्याचा पोरगा, टेकडीवरची हवा, संचालकाचं हसणं. शेवटी तेही सांगितलं जे सांगायचं नाही असं वाटेत ठरवलं होतं. “परकी असती तर मी हिला ‘जाऊ शकेल’ म्हटलं असतं. घरची म्हणून माप कडक धरलं.”

बहीण उभी राहिली. मांडीवरचा पडदा खाली घसरला.

“का?”

“लोक म्हणाले असते—”

“लोक काय म्हणतील म्हणून माझ्या पोरीला कमी मोजलीस? सख्खा भाऊ तू! अरे, मी तुला म्हटलं होतं, भाची म्हणून बघू नको. म्हणजे जास्त देऊ नको असं म्हटलं होतं रे. कापून घे असं नव्हतं म्हटलं!”

“ओरड मला, हवं तेवढं ओरड. पण आधी अर्ज भरू दे तिला.”

दोघांनी एकदम मास्तरणीकडे पाहिलं. ती तशीच बसलेली. एक कडी तिने बोटात घालून ठेवली होती.

“भर गं,” बहीण म्हणाली. आता तिच्या आवाजात घाई आली. “त्या कॉलेजातली जागा सोडावी लागेल ना? सोड. एक वर्ष गेलं तर गेलं. मी आहे. दोन पडदे जास्त शिवीन.”

“नको,” मास्तरीण म्हणाली.

“नको काय? मामा स्वतः सांगतोय!”

“तेव्हाही मामानेच सांगितलं होतं.” ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर मापाडींना बरं वाटलं असतं. “मामा, तू ‘नाही’ म्हणालास ना, त्याच्यानंतर मी रोज सकाळी उठून स्वतःला समजावत होते. आपल्यात तेवढं नाही. बाबांच्या हाताला कळायचं, ते त्यांच्यापाशी संपलं. आपल्याला उगाच काहीतरी वाटायचं. सुरुवातीला पटतच नव्हतं. मग हळूहळू पटवलं. फार जड गेलं मला ते. आता पटलंय. आता तू म्हणतोस, ते सगळं उलटं कर, आणि पाचच्या आत कर.”

“पण ते खरं नव्हतं, बाळ.”

“तुला आज कळलं. मला कसं कळणार? मी आत्ता तो निबंध वाचला तर मला तो लहान मुलीने लिहिल्यासारखा वाटतो. काल वाचला होता. शेवट नाही त्याला. तू बरोबर म्हणाला होतास.”

“मी बरोबर नव्हतो!” मापाडी जवळजवळ ओरडलेच.

“बरं,” ती म्हणाली.

तोच ‘बरं’. पुढे कितीतरी वेळ मापाडी बोलत राहिले. टेकडीवरच्या प्राध्यापकांना फटकळ पोरी आवडतात म्हणाले. निबंध जसा आहे तसाच भारी आहे म्हणाले. स्वतःच्याच कानांना ते सगळं गोड लागत होतं, आणि तिलाही ते तसंच ऐकू जात असणार हे त्यांना दिसत होतं. बहिणीने विनवलं, मग रागावली, मग रडली. मास्तरीण आईला पाणी देऊन आली आणि पुन्हा कड्या लावायला बसली. पाच वाजले तेव्हा काही वाजलं नाही. फक्त बहिणीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं थांबवलं आणि मशीनवर बसून पाय मारायला सुरुवात केली.

मापाडी उठले तेव्हा मास्तरीण दारापर्यंत आली. “मामा, मनाला लावून घेऊ नको. तू काय मुद्दाम केलंस?”

याहून तिने तोंडात मारली असती तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी मापाडींनी संचालकाला सांगितलं, “यापुढे मी कुणाला ‘नाही’ म्हणणार नाही. काय कमी आहे ते सांगीन, ते भरून काढायला शिकवीन. अर्ज करायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.”

संचालकाने शांतपणे ऐकून घेतलं. पूर्वी वर्गात ऐकायचा तसंच, मान खाली घालून. मग म्हणाला, “सर, तुम्ही थकलात. थोडे दिवस विश्रांती घ्या.”

“आणि माझं टेबल?”

“होईल काहीतरी. ‘नाही’ सांगायला काय लागतं? तुमच्या हाताखाली इतकी वर्षं ऐकून ऐकून त्या फोनवालीलासुद्धा येतं आता.”

मापाडींनी खणातून आपली लेखणी, चष्म्याचं घर आणि मान पुसायचा रुमाल काढला. खुर्ची रिकामी होते न होते तोच फोनवाली आपला पाण्याचा पेला घेऊन त्या टेबलाशी आली. “सर, पंखा माझ्याकडे वळवला तर चालेल ना?” तिने विचारलं. विचारण्यात तिचं वाईट काही नव्हतं.

बाहेर बाकड्यावर एक बाप आणि त्याची लेक बसले होते. पोरगी ओठ हलवत काहीतरी पाठ करत होती. मापाडी त्यांच्यासमोर थांबले.

“टेकडीसाठी आलात?”

“हो, पुढच्या वर्षासाठी. इथले कुणी सर आहेत म्हणे, अगदी अचूक सांगतात.”

“ते काहीही सांगोत. ‘नाही’ म्हणाले तरी अर्ज करा.”

बापाने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. हातातला रुमाल, चष्म्याचं घर. “तुमचं कोण गेलंय का वर?”

“भाची. म्हणजे, ती गेली असती. पण तिने भरलाच नाही.”

“नाही ना भरला?” तो माणूस म्हणाला. आवाजात कीव होती. त्याने लेकीला हळूच आपल्याकडे ओढून घेतलं. “मग तुम्ही कशाच्या जोरावर सांगता, काका?”

आतून फोनवालीचा आवाज आला, “चला, पुढचे कोण?” बापाने उठून लेकीची कॉलर सारखी केली, तिला म्हणाला, “सरळ चाल,” आणि दोघे आत गेले.